विचारा वकीलताईंना : व्हेप, टपरी आणि भिवंडीचा गाळा

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता ‘व्हेपवर (म्हणजे ई-सिगारेटवर, लिक्विड गरम करून वाफ ओढायच्या यंत्रावर) भारतात बंदी आहे’ असं एक वाक्य टाकलं होतं, त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की म्हटलं हा अख्खा कॉलमच देऊन टाकू. गंमत अशी की बऱ्याच जणांना बंदी आहे हेच माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते ‘अहो सगळीकडे मिळतं की’ म्हणून सोडून देतात. नावं कुणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत. बाकी इथलं उत्तर वाचून कुणी कोर्टात उभं राहू नका, कागद घेऊन जवळच्या वकिलाकडे जायचंच आहे.

प्रश्न : ताई, मुलगा अकरावीला आहे. परवा त्याच्या सॅकमध्ये हायलायटरसारखं गुलाबी-निळं काहीतरी सापडलं, मला आधी पेन ड्राइव्हच वाटला, पण वास आंब्याचा. धाकटी म्हणाली आई हे व्हेप आहे. याचे बाबा म्हणतात सरळ पोलिसांत जाऊ, विकणारा तरी सापडेल. मला भीती की पोरालाच उचलतील. आणि हे दोन-दोन हजारांचं असतं म्हणे, याला परवडतं कसं? — एक आई, डोंबिवली

ताई, तुम्ही शेवटी जे विचारलंय ना तेच खरं महत्त्वाचं आहे, त्याकडे येतेच, पण आधी कायदा. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी आणली आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्यात बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात एवढं सगळं बंद आहे. ‘ओढणं’ हा शब्द मात्र त्या यादीत नाहीये. त्यावरून इन्स्टावरचे वकील छातीठोक सांगतात की स्वतःपुरतं ठेवलं तर काही होत नाही. पण आरोग्य मंत्रालयाची भूमिका अशी आहे की कुठल्याही स्वरूपात, कितीही कमी, जवळ बाळगणंसुद्धा कायद्याच्या विरोधात आहे. म्हणजे पोराने त्या रीलवर विसंबू नये. प्रत्यक्षात पोलिसांना ओढणाऱ्यापेक्षा विकणारा हवा असतो, आणि मुलगा अठराच्या आतला असल्यामुळे त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही. तेवढी भीती मनातून काढा.

आता परवडतं कसं. एक तर चार पोरं मिळून काँट्री काढतात आणि एकच पीस आळीपाळीने फिरतो, बहुतेक घरांत एवढंच निघतं. दुसरी शक्यता ऐकायला बरी वाटणार नाही. विकणारे कॉलेजच्या गेटवर स्वतः उभे राहत नाहीत हो, ते वर्गातलाच एक पोरगा धरतात, पाच गिऱ्हाईकं आण, तुझा पीस फुकट. त्या पोराला वाटतं आपण मित्रांना फक्त सोय करून देतोय, पण कायद्याच्या भाषेत ते वाटप झालं, आणि मित्रांनी त्याच्या यूपीआयवर पैसे टाकले असतील तर पुरावा त्याच्याच मोबाईलमध्ये तारीख-वेळेसकट बसलेला. म्हणून सॅक तपासण्याआधी त्याच्या खात्यात पाचशे-सहाशेच्या रकमा वेगवेगळ्या नावांवरून येतायत का तेवढं बघा. येत असतील तर आरडाओरडा करू नका, त्याला समोर बसवून विचारा की माल कोण देतो आणि पैसे पुढे कुणाला जातात. पोरं घाबरलेली असतात, शांतपणे विचारलं तर बहुतेक वेळा सांगतात.

विकणाऱ्याची माहिती द्यायचीच असेल तर मुलाला घेऊन चौकीत जायची गरज नाही. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने खास यासाठी पोर्टल सुरू केलंय, व्हायोलेशन-रिपोर्टिंग डॉट इन, तिथे दुकान किंवा इन्स्टा अकाउंट कळवता येतं.

आणि डॉक्टरांकडे जाच. युरोपात एक मिलिलिटर लिक्विडमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, इथे चोरून येणाऱ्या डिस्पोजेबल म्हणजे वापरून फेकायच्या पीसवर ‘५%’ छापलेलं असतं म्हणजे ५० मिलिग्रॅम, अर्थात छापलेलं खरं मानलं तर. आंब्याच्या वासाने घसा जळत नाही त्यामुळे पोरांना कळतच नाही किती ओढलं. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची टोल फ्री क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६.

प्रश्न : मॅडम, कॉलेजपाशी माझी पानटपरी आहे. एक पोरगा अ‍ॅक्टिव्हावर येतो, बॅगेतून व्हेप देतो, उधारीवर. विकलं तर पैसे, नाहीतर माल परत नेतो. एका पीसमागं तीनशे सुटतात, सिगारेटच्या पाकिटात मला काय सुटतंय सांगा? शेजारचे सगळे ठेवतात. पकडलं तर दंड भरून सुटतो म्हणतात. — टपरीवाला, पुणे

दादा, पहिल्या वेळेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर पाच लाखांपर्यंत दंड, तिथे ‘किंवा’ नाहीये. तीनशे रुपयांच्या हिशेबाने एक लाख भरून काढायला किती पीस विकावे लागतील ते तुम्हीच बघा, गल्ल्यावर बसणाऱ्याला मी काय गणित शिकवणार. सब-इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरचा अधिकारी दुकानात शिरून झडती घेऊ शकतो, माल उचलू शकतो. आणि ‘आमच्यासारख्या छोट्याकडे कोण येतंय’ हे डोक्यातून काढा, मुंबईत तर चांगल्या नावाजलेल्या पानवाल्यांवरसुद्धा केसेस झाल्यात.

तुम्ही विचारलं नाही पण मला विचारावंसं वाटतंय की तो पोरगा उधारीवर का देतो? एवढा महागडा माल, ओळख ना पाळख, बिल नाही, चिठ्ठी नाही. कारण ज्या क्षणी तो पीस तुमच्या टपरीच्या फळीखाली गेला त्या क्षणी तो तुमचा साठा झाला. छापा पडला तर तुमच्याकडे. त्याचा नंबर संध्याकाळी स्विच ऑफ. बिल नसल्यामुळे ‘मला यांनी दिला’ हे तुम्ही काही केल्या सिद्ध करू शकत नाही. तीनशे रुपयात तुम्ही कमिशन घेत नाही आहात, त्यांच्या वाट्याची जोखीम घेताय, आणि ती फार स्वस्तात विकताय.

हा माल येतो कुठून ते पण ऐका. जगातले बहुतेक व्हेप चीनच्या शेन्झेन शहराच्या आसपास बनतात. चीनने स्वतःच्या देशात फळांच्या फ्लेवरचे व्हेप १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केले, बाहेर पाठवायला मात्र मोकळीक ठेवली, म्हणजे आमच्या पोरांना नको तुमच्या पोरांना चालेल. मग तो कंटेनर कागदावर भलतंच काही होऊन निघतो. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, जो पकडला त्यात कागदोपत्री फरशी पुसायचे मॉप होते, आत निघाल्या दोन लाखांवर ई-सिगारेटी, किंमत साधारण ४८ कोटी. भागून बघा, एका पीसचे जवळजवळ २,४०० रुपये पडतात. ना ड्युटी ना जीएसटी. एवढा पैसा ज्या धंद्यात आहे तो धंदा अ‍ॅक्टिव्हावरच्या पोराचा असेल असं तुम्हाला वाटतं का? तो पण तुमच्यासारखाच, सगळ्यात खालच्या पायरीवरचा.

अजून एक. तुम्ही देताय त्यात नेमकं काय भरलंय हे तुम्हाला माहीत नाही, त्या पोराला पण नाही. इंग्लंडात बाथ विद्यापीठाच्या लोकांनी ३८ शाळांमधून जप्त झालेले व्हेप तपासले तर साधारण दर सहातल्या एकात स्पाइस म्हणजे लॅबमध्ये बनवलेला गांजासारखा नशेचा पदार्थ निघाला, पोरं समजत होती फ्लेवर आहे किंवा फार तर गांजाचं तेल आहे. तुमच्याकडच्या एका पीसमध्ये असलं काही किंवा चरसचं तेल निघालं तर मग व्हेपचा कायदा राहिला बाजूला, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागतो. त्यात दोन गोष्टी वाईट. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ड्रग दुसऱ्या कशात मिसळलेलं असेल तर मोजताना अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं, म्हणजे थेंबभर नशा आणि बाकी फ्लेवर असला तरी सगळं लिक्विड वजनात. आणि दुसरं, ‘मला माहीत नव्हतं’ हे त्या कायद्यात तुम्हाला सिद्ध करावं लागतं, कोर्ट आधी धरूनच चालतं की माहीत होतं.

माल परत द्या. पुढच्या वेळी तो आला की ‘चालत नाही इथे’ एवढंच सांगा, वाद घालू नका. आणि हो, टपरी कॉलेजपाशी म्हणालात, शंभर यार्डाच्या म्हणजे नव्वद-एक मीटरच्या आत असेल तर साधी सिगारेट विकायला पण बंदी आहे बरं का. तो विषय आज वाढवत नाही.

प्रश्न : वकीलबाई, भिवंडीला हायवेजवळ माझा एक गाळा आहे. आठ महिन्यांपूर्वी एजंटमार्फत भाड्याने दिला, ‘मोबाईल अ‍ॅक्सेसरीज’ म्हणून. भाडं बाजारापेक्षा दीडपट, रोख, वेळेवर. टेम्पो रात्रीच येतात. गेल्या आठवड्यात पाण्याच्या गळतीसाठी प्लंबर घेऊन गेलो तर एक खोका फाटलेला, आत रंगीत छोट्या डब्या, नातवाला फोटो दाखवला तर तो म्हणाला आजोबा हे व्हेप आहे. मी गाळ्याचा मालक, माल माझा नाही. मला काय होणार? — एक वाचक, कल्याण

काका, तुमचं पत्र वाचून मी त्याच दिवशी उत्तर पाठवलंय, इथे छापतेय ते बाकीच्या गाळेवाल्यांसाठी. कारण भिवंडीपासून तळोज्यापर्यंत असे ‘मोबाईल अ‍ॅक्सेसरीज’ पुष्कळ असणार.

या कायद्यात साठ्याचं कलम वेगळं आहे आणि ते थेट जागेच्या मालकाला आणि ताबेदाराला लागतं. आपली जागा ई-सिगारेटच्या साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळा खेळ त्या ‘जाणूनबुजून’ या शब्दाचा आहे. गेल्या आठवड्यापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, ठीक. आता खोका पाहिलात, फोटो काढलात, नातवाने नाव सांगितलं, मला लिहिलंत. आता माहीत आहे. इथून पुढचा प्रत्येक दिवस गप्प बसून काढलात तर तो तुमच्या विरुद्ध मोजला जाईल.

आणि एवढ्यावर थांबत नाही. माल परदेशातून चोरून आलेला म्हटल्यावर कस्टम्सचा कायदा येतो. बंदी असलेला माल नेणं, ठेवणं, लपवणं यात जाणूनबुजून कसाही हात असेल तरी तिथे सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. डीआरआयवाले गाळ्यावर आले की पहिलं विचारतात करार कुठाय, भाडं कसं येतं, भाडेकरूचं आधार कुणी तपासलं. इथे तुमची बाजू कच्ची आहे कारण भाडं रोख घेताय, तेही दीडपट. दीडपट भाडं कुणी प्रेमाने देत नाही काका.

करार रजिस्टर केलाय का? महाराष्ट्रात लिव्ह अ‍ॅन्ड लायसन्सचा करार नोंदवणं जागामालकाची जबाबदारी आहे, नाही केला तर त्याचीच वेगळी शिक्षा आहे, शिवाय अटींवरून भांडण झालं तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. भाडेकरूची माहिती पोलिसांत दिलीये का ते पण बघा. दोन्ही नसेल तरी घाबरून मागच्या तारखेचे कागद करायला जाऊ नका, तो तर सरळ बनावट कागदाचा गुन्हा.

काय करायचं ते सांगते. गाळ्यावर परत जाऊ नका, खोकी उघडू नका, भाडेकरूला फोन करून ‘तुमचा माल हलवा’ असं तर अजिबात म्हणू नका, कारण तो रात्रीत हलवेल आणि कॉल रेकॉर्डमध्ये तुम्ही त्याला सावध केल्याचं राहील. करार, एजंटचा नंबर, भाड्याच्या नोंदी, तो फोटो, सगळं घेऊन वकिलासोबत पोलीस स्टेशनला जा, लेखी माहिती द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तीच पोच उद्या तुमच्या कामी येणार.

एक सांगू का, मी हे काम जवळून बघते म्हणून म्हणते. गाळा एका धंद्यासाठी घेतलेला नसतो. आज व्हेप, उद्या परदेशी सिगारेटी, परवा गुटखा. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि तेव्हापासून रात्री माल हलवायची, नाक्यावर कुणाला काय द्यायचं, कुठल्या गाळ्यात किती दिवस ठेवायचं याची एक अख्खी घडी बसलेली आहे, व्हेप येऊन त्या तयार घडीत अलगद बसला. त्यांना नवीन काही उभं करावं लागलं नाही.

याच पत्रासोबत नवी मुंबईच्या एका तरुणाचं पण पत्र होतं, की त्याच्या नावावरचा आयात-निर्यातीचा कोड ‘एका पार्टीला’ वापरायला देऊ का, महिन्याला पंधरा हजार देतायत. नाही. एका शब्दात, नाही. कंटेनरमध्ये मॉपच्या ऐवजी काहीही निघालं की आयातदार म्हणून कागदावर तू आहेस, पार्टी नाही. बँक खातं ‘भाड्याने’ मागणाऱ्यांनाही हेच उत्तर.

प्रश्न : ताई तुम्ही पण सरकारचीच बाजू घेणार माहितीये, पण मला एक सांगा, सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, सरकारचे स्वतःचे पैसे सिगारेट कंपनीत आहेत, आणि त्यापेक्षा कमी हानिकारक गोष्टीवर बंदी? इंग्लंडमध्ये तर सिगारेट सोडायला सरकारच व्हेप देतं. बंदी घातली म्हणूनच स्मगलर मोठे झाले ना? — एफवायबीए, फर्ग्युसन रोड

अरे बाबा, मी कुणाचीच बाजू घेत नाहीये, आणि तुझ्या म्हणण्यात दम आहे. आयटीसी या सिगारेट कंपनीमध्ये केंद्र सरकारचा युनिट ट्रस्टच्या जुन्या वारशातून आलेला साधारण आठ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे, एलआयसीचा वेगळा. त्यामुळे २०१९ ला ‘तरुण पिढीच्या आरोग्यासाठी’ म्हणून बंदी आली तेव्हा पुष्कळांच्या भुवया वर गेल्या, माझ्या पण. इंग्लंडने २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचं किट देण्याची योजना आणली हे पण खरं. अर्थात त्याच इंग्लंडने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेप विकायला बंदी केली ते इन्स्टावर कुणी सांगत नाही. आणि बंदी घालून अंमलबजावणी अर्धवट ठेवली की मधल्या फटीत गुन्हेगार घुसतात हे तर माझं रोजचं बघणं आहे. इतकं की डिसेंबर २०२५ मध्ये थेट लोकसभेतच कुणी खासदार सभागृहात ई-सिगारेट ओढतात अशी तक्रार उभी राहिली, आता बोल.

पण तू ज्या ‘कमी हानिकारक’ व्हेपबद्दल बोलतोयस तो तुला मिळतच नाहीये, ही माझी अडचण आहे. इंग्लंडच्या क्लिनिकमधला पीस वेगळा, त्यात किती निकोटिन, काय तेल, सगळं नोंदवलेलं. तुझ्या हातात येतो तो मॉपच्या कंटेनरमधला. अमेरिकेत २०१९ मध्ये काय झालं बघ. तरुण, धडधाकट पोरं अचानक श्वास लागून हॉस्पिटलात यायला लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण अ‍ॅडमिट झाले आणि ६८ मेले. मुख्य कारण निघालं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिज विकणाऱ्यांनी माल पातळ करून वाढवायला ते तेल मिसळलं होतं, दुधात पाणी घालतात तसं, फक्त हे पाणी फुफ्फुसात जाऊन बसत होतं. त्यातल्या बऱ्याच पेशंटनी एकाच ब्रँडचं नाव घेतलं, डँक व्हेप्स. आणि गंमत बघ, त्या नावाची धड कंपनीच नव्हती. छापलेली रिकामी पाकिटं ऑनलाइन मिळायची, कुणीही घ्यायची, गॅरेजमध्ये बसून काहीही भरायचं आणि विकायचं. पॅकिंग मात्र एकदम चकाचक.

तेव्हा बंदी चुकीची आहे असं वाटत असेल तर लिही, बोल, खासदाराला गाठ, माझी ना नाही. पण बंदी पटत नाही म्हणून आत भरलेलं बदलत नाही ना.

प्रश्न : आम्ही मेलबर्नच्या टार्नीटला राहतो. इथे टोबॅको शॉप्स एकामागून एक जाळली जातायत. मिस्टरांच्या मित्राचं छोटं दुकान आहे, त्यांच्याकडे दोघं जण येऊन गेले, आमचे व्हेप आणि सिगारेट ठेव, नाहीतर दर आठवड्याला पैसे दे. तो म्हणतो ठेवतो, कशाला पंगा. इथे तर कायदे एवढे कडक आहेत, मग हे कसं? — एक वाचक, ऑस्ट्रेलिया

मी तिकडची वकील नाही, त्यामुळे कायद्याचा सल्ला तिथल्याच वकिलाकडून घ्या. पण हे प्रकरण मी बरेच दिवस वाचतेय, कारण आपल्याकडे उद्या काय होऊ शकतं ते तिथे आज होतंय असं मला वाटतं.

तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या. सिगारेटवरचा कर इतका वाढवला की एका सिगारेटमागे एक डॉलर चाळीस सेंटच्या वर नुसता कर, म्हणजे चोरून आणलेलं पाकीट निम्म्याहून कमी भावात विकूनही भरपूर नफा. दुसरीकडे व्हेप आवळले, १ जानेवारी २०२४ पासून डिस्पोजेबलची आयात बंद, १ जुलै २०२४ पासून फक्त फार्मसीत. मागणी काही संपली नाही, ती टोळ्यांकडे गेली. मार्च २०२३ पासून व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, शंभराच्या वर आगी लावल्या गेल्या, पोलिसांनी लूनर नावाचं खास पथक काढलं. आणि एवढं होऊनही व्हिक्टोरियात तंबाखू विकायला लायसन्सच लागत नव्हतं कित्येक वर्षं, त्याची योजना जुलै २०२५ ला सुरू झाली. कायदे कडक होते पण दुकानात कोण बसलंय याची यादी नव्हती, असा सगळा प्रकार.

आगी लावणारे म्हणजे टोळीचे दादा नव्हेत, फोनवरून थोड्या पैशांत धरलेली पोरं, बरीचशी अल्पवयीन, चोरीची गाडी, पेट्रोलचा कॅन. चूक पण करतात. तुमच्या शेजारच्याच ट्रुगनिनात जानेवारी २०२५ मध्ये एक २७ वर्षांची मुलगी घर सांभाळायला म्हणून राहिली होती, भाऊ हनिमूनला गेलेला, रात्री घराला आग लावली आणि ती त्यात गेली. पोलिसांचं म्हणणं, चुकीचं घर. तिचा या धंद्याशी काडीचाही संबंध नव्हता.

तुमच्या मित्राला सांगा ‘ठेवतो, कशाला पंगा’ यात पंगा सुरू होतो, संपत नाही. एका टोळीचा माल ठेवला की दुसरी टोळी विचारायला येते, अमक्याचा ठेवतोस मग आमचा का नाही. आणि असा चोरून आणलेला माल दुकानात असला की पोलिसांकडे जायची वाटच बंद होते, तेच तर त्यांना हवं असतं. अजून माल घेतला नाहीये तोवर जायला हवं. नाव न सांगता कळवायचं असेल तर क्राइम स्टॉपर्सचा नंबर आहे, १८०० ३३३ ०००. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत कॉपी करून ठेवा, इन्शुरन्सवाल्याला पण आधीच विचारा की दुकानात असा माल सापडला तर क्लेम मिळतो का. आणि दुकानाच्या वर किंवा मागे कुणी राहत असेल तर त्यांनाही कल्पना द्या हो, एवढं तर आपण देणं लागतो.

प्रश्न : भाचा सिंगापूरला एमएसला चाललाय. तो व्हेप ओढतो. तिकडे चालतं का? — नाशिक

अजिबात नाही. तिथे ओढणं आणि जवळ ठेवणं पण गुन्हा, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तर प्रकरण फार कडक झालंय. कारण व्हेपमध्ये एटोमिडेट सापडायला लागलं, ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल द्यायला वापरतात ते औषध, पोरं त्याला केपॉड म्हणतात. सरकारने ते थेट ड्रगच्या यादीत टाकलं. साधा व्हेप पहिल्यांदा सापडला तर मोठ्या माणसाला ७०० सिंगापूर डॉलर दंड, पण एटोमिडेटवाला कुणी आयात केला तर तीन ते वीस वर्षं तुरुंग आणि वर फटके. परदेशी विद्यार्थ्याला पास रद्द करून परत पाठवण्यापर्यंत वेळ येऊ शकते. फी भरलेली जाईल ती वेगळीच. विमानतळावर जायच्या आधी बॅगेचे सगळे कप्पे त्याच्यासमोर उघडा, ‘विसरून राहिला’ हे तिथे कुणी ऐकत नाही.

प्रश्न : निकोटिन नसलेला फक्त फ्लेवरवाला चालतो ना? ई-हुक्का पण? — सांगली

दोन्ही नाही चालत. आपल्या कायद्यात व्याख्याच अशी आहे की निकोटिन असो वा नसो, पदार्थ गरम करून वाफ ओढायचं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे ई-सिगारेट, आणि ई-हुक्का नाव घेऊन त्यात घातलाय.

प्रश्न : इन्स्टावरून व्हेप मागवला, २,२०० पाठवले, ब्लॉक केलं. आता एका नंबरवरून फोन येतोय, कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या नावाचं ई-सिगारेटचं पार्सल पकडलंय, तीस हजार भरा नाहीतर अटक. घरी कळलं तर वाट लागेल. काय करू? — नागपूर

पहिलं म्हणजे एक रुपया भरू नकोस. फोनवर अटक होत नाही, कस्टम्सवाले यूपीआयवर दंड घेत नाहीत, व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्म घालून बसलेला माणूस दिसला तरी तो अधिकारी नसतो. माझा अंदाज विचारशील तर विकणारा आणि हा ‘कस्टम्सवाला’ एकच टोळी आहे. बघ ना, तू त्याला नाव दिलंस, पत्ता दिलास, नंबर दिलास, आणि तू बंदी असलेली वस्तू मागवलीस हे चॅटमध्ये स्वतःच्या हाताने लिहून दिलंस. तो माल पाठवो न पाठवो, तुझी भीती हाच त्याचा माल. २,२०० ला फसवलेला माणूस तक्रार करणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तीस हजाराचा फोन.

ते २,२०० परत मागायला कोर्टात जाता येईल का? नाही, बेकायदा गोष्टीसाठी केलेला करार करारच नसतो, ते पाण्यात गेले समज. पण धमकी देऊन पैसे उकळणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तू करू शकतोस, करावीसच. १९३० ला फोन लाव किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर लिही. तक्रारीत जे झालं ते जसंच्या तसं लिही, ‘शूज मागवले होते’ वगैरे गोष्टी रचू नकोस, चॅट निघतातच आणि मग तुझ्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावर पण कुणी विश्वास ठेवत नाही. चॅट डिलीट करू नकोस, त्या अकाउंटचे, क्यूआर कोडचे, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेव. तो क्यूआर ज्या खात्याचा आहे ते बहुतेक करून भाड्याने दिलेलंच निघेल, वरच्या नवी मुंबईकराला जशी ऑफर आली तसलंच. आणि घरी सांग. आईला आधी, मग बाबांना. परत फोन आला तर उचलू नकोस, नंबर तेवढा टिपून ठेव.